हसनाबादची सही

वकीलसाहेबांचं ऑफिस अंबडच्या कोर्टासमोर, एका झेरॉक्सच्या दुकानाच्या वर आहे. जिन्याला सतरा पायऱ्या आहेत आणि बाराव्या पायरीची फरशी हलते. त्या वर्षी संक्रांतीपासून मे महिन्यापर्यंत मी तो जिना इतक्या वेळा चढले, की मोजायचं मार्चमध्येच सोडून दिलं. मी शाळेत गणित शिकवते, आणि मोजणं सोडून द्यावं असं मला सहसा वाटत नाही.

घर घ्यायचं होतं. पहिलंच. घेणाऱ्या आम्ही दोघी, आई आणि मी. मी लग्न केलं नाही, त्याची कारणं इथं नकोत. आई आयुष्यभर बांधकामावर मजुरीला गेली. डोक्यावर घमेलं घेऊन तिनं गावातल्या कितीतरी घरांचे स्लॅब टाकले आणि स्वतः मात्र भाड्याच्या खोल्यांत राहिली. मला नोकरी लागल्यावर खोल्या जरा बऱ्या मिळू लागल्या, पण मिळण्याआधीचा प्रश्न काही बदलला नाही. लोक खोली दाखवतात, नळाला किती दिवसाआड पाणी येतं ते सांगतात आणि मग सहज आठवल्यासारखं आडनाव विचारतात. आमचं आडनाव ऐकलं की आम्ही बौद्ध आहोत हे इथं कुणालाही कळतं. मग कुणाच्या भावाची अचानक बदली होते आणि त्याला तीच खोली लागते. कुणाला रंग द्यायचा असतो. मला या लोकांचा राग यायचा. आई म्हणायची, "जाऊ दे बाई, खोलीला तोटा हाय का?" तिला राग येत नसे असं नाही. तिचा तो कधीच वापरून संपला होता, एवढंच.

हे घर अंबडच्याच कडेला, एका शांत कॉलनीत होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढं छोटा ओटा, मागं सीताफळाचं एक झाड. घर विकणारे काका सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, मुलाकडं संभाजीनगरला राहायला गेलेले. त्यांनीही आडनाव विचारलं. मी सांगितलं आणि बदली होणाऱ्या भावाची वाट पाहत उभी राहिले. काका म्हणाले, "कर्ज कोणत्या बँकेचं काढताय?" मी त्या क्षणी घर पसंत करून टाकलं. खोल्या अजून पाहायच्या होत्या.

आईनं मात्र घर रीतसर पाहिलं. भिंतीवर बोटाची पेरं वाजवली. कोपऱ्यात उभं राहून बराच वेळ वर बघितलं.

"स्लॅबला पाणी बराबर मारलंय," ती म्हणाली. "ह्या लायनीतले दोन-तीन स्लॅब आमच्याच टोळीनं टाकल्ते. हे घर त्यातलं हाय का न्हाई, ते काही ध्यानात येत न्हाई."

मग ती उंबऱ्यावर बसली आणि बसूनच राहिली. मी निघू म्हटलं तर म्हणाली, थांब जरा. आईनं तोपर्यंत माझ्याकडं कधी काही मागितलं नव्हतं. चष्मासुद्धा मीच जबरदस्तीनं करून दिला होता. त्या दिवशीही तिनं तोंडानं काही मागितलं नाही, पण तिला ते घर हवं होतं. आणि तिला हवं होतं म्हणून मला ते इतकं हवंसं झालं, की रात्री झोप लागेना.

काकांशी इसार पावती झाली. मुदत मे अखेरची. तोवर खरेदीखत झालं नाही तर काका घर दुसऱ्याला द्यायला मोकळे. दुसराही तयारच होता. मोंढ्यातला एक धान्याचा व्यापारी, त्याला ना बँक लागत होती ना वकील. काकांनी हे मला तोंडावर सांगितलं. "माझं काय म्हणणं न्हाई बाई, पण मे म्हणजे मे," असं म्हणून त्यांनी पावतीवर सही केली.

बँकेत साहेबांनी सगळे कागद घेतले आणि ते म्हणाले, आता आमचे वकील तीस वर्षांचे कागद तपासून सर्च रिपोर्ट देतील, तो आला की कर्ज मंजूर. "आठ दिवसांचं काम आहे मॅडम." मी आईला तसंच सांगितलं. आईनं शेजारणीला सांगितलं. त्यामुळं पुढं चार महिने शेजारीण रोज पाण्याच्या वेळेला विचारायची, झाले का आठ दिवस.

वकीलसाहेब साठीच्या पुढचे, अंगानं किरकोळ, चष्म्याला दोरी बांधलेले. बोलताना माणसाकडं कमी आणि कागदाकडं जास्त बघायचे. त्यांच्याआधी गाठ पडायची ती त्यांच्या कारकुनाशी. हे गृहस्थ रोज अंतरवालीहून यायचे आणि जिन्याच्या तोंडाशी टेबल टाकून बसायचे. मी वर पोचले की ते माझ्या आधीच बोलायचे, "फाईल सायबापाशी हाय." मी आत गेले की साहेब म्हणायचे, "बघून राह्यलो. पुढच्या सोमवारी या." जन्मभर कोर्टात तारखा घेऊन त्यांना सवय झाली असावी. ते घरी बायकोलाही भाजी आणायची तारीख देत असतील, असं मी एकदा शिक्षक खोलीत बोलले आणि सगळे हसले. मी हसले नाही. मला खरंच तसं वाटत होतं.

फेब्रुवारी गेला. मार्चमध्ये परीक्षा आल्या. मी शाळेतून परस्पर बसनं अंबडला उतरायचे, जिना चढायचे, "झालं का?" विचारायचे आणि "सोमवारी या" ऐकून उतरायचे. कधी साहेब कोर्टात असत, कधी जालन्याला गेलेले असत. एकदा तर होते, फाईलही समोर उघडी होती, आणि ते त्यातला एक पिवळा पडलेला कागद खिडकीच्या उजेडात धरून वाचत होते. मी दहा मिनिटं उभी होते. त्यांनी मान वर केली नाही. मी तणतणत खाली आले, तेव्हा ती बारावी पायरी माझ्यामुळंच आणखी सैल झाली असणार.

एप्रिल अर्धा सरला तसा माझा धीर सुटला. बँकेच्या मोठ्या साहेबांना देण्यासाठी मी दोन पानी तक्रार अर्ज लिहिला. माझं अक्षर चांगलं आहे. अर्जात मी कुठल्या दिवशी आले, काय उत्तर मिळालं, सगळं ओळीनं लिहिलं आणि शेवटी लिहिलं की या दिरंगाईनं घर हातचं गेलं तर त्याला जबाबदार कोण. अर्ज बँकेत द्यायच्या आधी एक प्रत वकीलसाहेबांच्या टेबलावर ठेवायची असं मी ठरवलं. त्यांचा चेहरा मला बघायचा होता.

त्यांनी अर्जाची दोन्ही पानं सावकाश वाचली. मग पेन उघडलं.

"यात तारीख चुकली," ते म्हणाले. "तुम्ही पहिल्यांदा आल्त्या तो शुक्रवार व्हता. तुम्ही गुरुवार लिहिलाय." त्यांनी तेवढं दुरुस्त केलं आणि अर्ज मला परत दिला. "बाकी बराबर आहे. द्या बँकेत."

त्यांनी फाईल ओढली आणि तोच पिवळा कागद माझ्यासमोर सरकवला. काकांच्या वडिलांनी फार वर्षांपूर्वी हे घर एका पतसंस्थेकडं गहाण ठेवलं होतं, त्याचं ते गहाणखत. कर्ज कधीच फिटलेलं होतं आणि तसा दाखलाही सोबत होता. मी म्हटलं, मग यात अडचण काय?

"कर्ज कशासाठी घेतलं, ते वाचा."

मी वाचलं. ओळ अशी होती: मुलीच्या लग्नाकरिता.

"नगरपरिषदेत वडलांच्या मागं एकाच मुलाचं नाव लागलंय," साहेब म्हणाले. "तुमच्या काकांचं. वारस म्हणून दुसरं कुणी न्हाईच. मंग मला एवढंच विचारायचंय, ज्या मुलीच्या लग्नासाठी हे घर गहाण पडलं, ती मुलगी कुठं हाय?"

मी विचारलं, हे मला आधी का नाही सांगितलं. माझा आवाज चढला होता.

"हा कागद मला मार्चमध्ये सापडला. तव्हापसून तुमच्या काकांना तीनदा फोन केला, ते आज-उद्या करून राह्यले. तुम्हाला सांगितलं न्हाई, ते माझं चुकलं." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "पण तुम्ही बी कव्हा विचारलं? तुम्ही येता, झालं का विचारता आणि जाता. काय अडलंय ते एकदा बी विचारलं न्हाई."

हे खरं होतं. खरं असल्यामुळं फार लागलं. मी अर्ज पर्समध्ये घातला आणि जिना उतरले. त्या दिवशी मी कठड्याला धरून उतरले.

घरी आल्यावर काकांना फोन लावला. ते मोकळेपणानं बोलले, जणू यात लपवण्यासारखं काही नव्हतंच.

"बहीण हाय की. हसनाबादला दिलीय. लगीन कसं थाटात करून दिलं, अख्ख्या गावाला माहीत हाय. आता तिला काय विचारायचं?" वकिलाचे फोन आल्यावर आपण हक्कसोडपत्राचा कागद तयार करून पाठवला, असंही ते म्हणाले. सोबत साडीही पाठवली. हसनाबादच्या बसच्या ड्रायव्हरला सांगून, पिशवीत घालून. "ज्या बसनं गेली त्याच बसनं पिशवी परत आली. सही न्हाई, काही न्हाई. साडी बी परत. तिला हिस्सा पाहिजे असंल, दुसरं काय?"

फोन ठेवून मी आईला सगळं सांगितलं. म्हणजे सांगितलं नाही, आदळआपट करत बोलले. ती साडी परत पाठवणारी बहीण, तो ढिम्म वकील, ते काका, सगळ्यांना मी एका दमात धुऊन काढलं. मे उजाडायला दहा दिवस होते. तिनं हिस्सा मागितला तर काका भांडत बसणार, कोर्टकचेरी होणार, घर भिजत घोंगड्यासारखं पडून राहणार किंवा व्यापाऱ्याच्या घशात जाणार. कारण त्या व्यापाऱ्याला असला कागद वाचणारा वकील लागतच नव्हता.

आई लसूण सोलत होती. तिनं सगळं ऐकून एकच विचारलं.

"साडी बसनं पाठवली?"

"हो."

"ड्रायव्हरच्या हाती?"

"हो, मग?"

"मंग कोण ठिवून घेईल?"

तिनं लसूण बाजूला ठेवला. तिच्या माहेरी थोडीशी जमीन होती, हे मला माहीत होतं. ती तिनं भावांना कशी सोडली हे मला त्या दिवशी कळलं. दोन्ही मामा कागद घेऊन आले होते. आधी जेवले, मग बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले, आणि कागद काढताना मोठ्या मामाला रडू आलं. "म्या म्हणलं, रडतो काहून, आण इकडं," आई म्हणाली. "त्या टायमाला मला एकर मागितला असता तरी दिला असता. पण अंगठा मागायला बी यावं लागतं बाई. वाटंनं चाललेल्या गाडीत टाकून देत्यात व्हय?"

मग म्हणाली, "आपुन जाऊ हसनाबादला."

मी म्हटलं, आपण कोण? आपलं काय नातं? आई म्हणाली, घर आपल्याला पाहिजे, मग जायला आपणच पाहिजे.

सुट्ट्या लागल्याच होत्या. सकाळची बस धरून जालन्याला, तिथून दुसरी बस धरून हसनाबादला. रानं नांगरून पडलेली, बांधांवरच्या कडुलिंबांना तेवढी सावली. वाटेत मी मनातल्या मनात बोलायची तयारी करत होते. कायदा काय म्हणतो, मुलीचा हक्क किती, आपली बाजू काय. आई खिडकीला डोकं लावून झोपली.

बहिणीचं घर सापडायला अवघड गेलं नाही. अंगणात सरपणाच्या पऱ्हाटीचा ढीग रचलेला होता आणि बाजेवर जुनं लुगडं अंथरून त्यावर कुरडया वाळत घातलेल्या होत्या. पन्नाशी ओलांडलेली एक बाई काठी घेऊन कोंबड्या हाकत होती. नाक थेट काकांचं. मी सांगितलं, तुमच्या भावाचं घर आम्ही घेतोय, अंबडहून आलोय.

तिनं कोंबडी हाकली आणि विचारलं, "आडनाव काय तुमचं?"

मी सांगितलं. सांगताना माझी मान ताठ झाली, ती अशा वेळी आपोआप होते. बाई आत गेली. मी आईकडं पाहिलं आणि मनात म्हटलं, झालं, निघा आता. बाई तांब्या आणि पेले घेऊन आली. पेला भरून तिनं आधी आईच्या हातात दिला, मग माझ्या. आईनं पेला जरा वेळ नुसताच धरला. तिच्या वेळचं पाणी वरून ओंजळीत पडायचं. मग ती प्यायली.

"बसा," बाई म्हणाली. "चहा टाकते. त्यो दादा न्हाई आला, तुम्ही आल्या."

चहा होईपर्यंत कागदाचा विषय निघाला नाही. आई बाजेजवळ जाऊन कुरडया उलटत बसली आणि दोघींचं बोलणं स्लॅबवर गेलं. बाईला स्लॅब टाकला तो दिवस आठवत होता. ती तेव्हा शाळेत होती. "दिवसभर बाया घमेली घेऊन चढून राह्यल्त्या. संध्याकाळी आमच्या आईनं सगळ्यांला जिलेबी वाटली." मी आईकडं आशेनं पाहिलं. आई म्हणाली, "जिलेबी तं सगळेच वाटायचे. स्लॅब म्हणलं की जिलेबीच." माझी थोडी निराशा झाली. त्या दोघींची झाली नाही. त्या हसल्या.

मग बाई आपणहूनच बोलली. तिला हिस्सा नको होता. तिचं घरदार चांगलं होतं, मुलं कामाला लागली होती. "आई गेली तव्हापसून त्यानं मला एक डाव बोलावलं न्हाई. पंचमी न्हाई, दिवाळी न्हाई. म्या म्हणलं असंल त्याच्या मागं काम. मंग घर सोडून पोराकडं गेला, ते बी मला दुसऱ्याकडून कळलं. आता घर विकून राह्यला, ते कशानं कळलं तं बसनं आलेल्या पिशवीनं." ती कुरडईचा तुकडा मोडत होती आणि तिचं तिकडं लक्ष नव्हतं. "सही करते मी. माझं काय न्हाई. पण त्या घरात मला एकदा जेवायचंय. दादानं बोलवावं, मी जावं, जेवावं आणि निघावं. तेवढं झालं की लगेच सही. एकदा घर गेलं, मंग मी कुठं येऊ?"

मी केलेली सगळी तयारी पर्समधल्या अर्जासारखी तशीच राहिली. त्या घरात जायची मला इतकी घाई होती, आणि या बाईचं तिथून कायमचं निघायचं राहिलं होतं.

तिथूनच मी काकांना फोन लावून हे सांगितलं. काका बहिणीशी बोलायला तयार नव्हते. मला म्हणाले, "अहो बाई, घर रिकामं हाय. गॅस न्हाई, भांडं न्हाई. बायकोचे गुडघे धरलेत, तिला बसमध्ये चढवत न्हाई. जेवायला घालायचं म्हणजे कुणी रांधायचं?" फोनचा आवाज मोठा होता. आईनं कुरडया सोडून हात पुढं केला, फोन घेतला आणि काकांना सांगितलं, "सैपाक मी करते. तुम्ही फक्त बोलवा." आणि फोन बाईच्या हातात दिला.

बाई फोन कानाला लावून उभी राहिली. शेवटी ती म्हणाली, "हा दादा." आणि नंतर, "येते."

काकांना सवड व्हायला मे जवळजवळ सरला. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, जे घर अजून आमचं नव्हतं, त्याच्या स्वयंपाकघरात आईनं आमची शेगडी मांडली. मी किल्ली आणायला आणि आंबे आणायला. आमरस, पोळ्या, भजी, आणि हसनाबादहून पिशवीत गुंडाळून आलेल्या कुरडया. आई घामानं निथळत होती आणि मधेमधे खिडकीची कडी कशी लागते ते बघत होती. मी म्हटलं, आई, अजून खरेदी व्हायचीय, फार जीव लावू नको. तिनं ऐकलं नाही.

काका आणि बहीण समोरासमोर बसले. काकांचा पहिला घास तोंडात जाईपर्यंत माझं लक्ष त्यांच्या हातावर होतं. लपवत नाही. माणसं बोलतात चांगली आणि ताटावर अडतात, हे मी पाहिलेलं आहे. काकांनी पोळी मोडली, रसात बुडवली आणि खाल्ली. दुसऱ्या वाटीला त्यांनी नको म्हटलं, तिसरी मात्र मागून घेतली. बहिणीनं जेवण झाल्यावर घरभर एक फेरी मारली, मागच्या दाराशी सीताफळाच्या झाडाला हात लावून आली. काकांनी पिशवीतून साडी काढली. परत आलेली तीच नव्हती, दुसरी आणली होती.

"रंग तुला आवडतो का न्हाई, माहीत न्हाई," ते म्हणाले.

"आणलीस ना," ती म्हणाली, आणि पदरानं तोंड पुसता पुसता रडली. काका खिडकीबाहेर बघत राहिले. आईनं मला खूण केली आणि आम्ही दोघी ओट्यावर जाऊन बसलो.

त्याच दुपारी सगळे रजिस्ट्री ऑफिसात गेलो. हक्कसोडपत्रावर बहिणीची नावं दोन होती, सासरचं आणि माहेरचं. तिनं कागद पूर्ण वाचून दाखवायला सांगितलं. वकीलसाहेबांनी तो स्वतः वाचून दाखवला, एकेक शब्द, मागं रांग वाढत असताना. मला त्या वेळी त्यांचा राग आला नाही. बाईनं वाकून, सावकाश, शाळेत शिकवल्यासारखी सही केली.

मुदत संपायला तीन दिवस होते आणि बँकेला आणखी आठवडाभर लागणार होता. मी काही बोलायच्या आधीच काकांनी इसार पावती मागितली आणि तिच्या पाठीमागं पंधरा दिवस मुदत वाढवल्याचं लिहून दिलं. व्यापाऱ्याला त्यांनी काय सांगितलं ते मी विचारलं नाही. आणि चार महिने सोमवार देणाऱ्या वकीलसाहेबांनी त्याच संध्याकाळी रिपोर्ट टाईप करून दिला. कारकून जिन्यात म्हणाले, "फाईल तुमच्यापाशी हाय." मी जन्मात पहिल्यांदा त्यांच्या बोलण्यावर हसले.

रिपोर्टची शेवटची ओळ मी जिन्यातच उभं राहून वाचली. सदर मिळकत निर्वेध असून तीवर इतर कोणाचाही हक्क, हितसंबंध अथवा दावा नाही. घरी गेल्यावर आईला वाचून दाखवली. तिनं दोनदा वाचायला लावली.

जूनमध्ये खरेदीखत झालं आणि आम्ही राहायला गेलो. पहिल्या सकाळी आई उठून दार उघडून ओट्यावर उभी राहिली. जाणाऱ्या-येणाऱ्यांकडं बघत, कुणी काही विचारायची वाट न बघता.

पंचमीच्या दिवशी मी शाळेतून आले तर ओट्यावर एक कापडी पिशवी होती आणि आतून बोलण्याचा आवाज येत होता. हसनाबादची बाई स्वयंपाकघरात पाटावर बसली होती. काकांनी तिला संभाजीनगरला बोलावलं होतं, तिथंच निघाली होती. "जालन्यात उतरले तं पाय इकडंच वळले," ती म्हणाली. जालना ते अंबड ही काही संभाजीनगरची वाट नव्हे. आम्ही तिघींनी तो विषय काढला नाही. जेवण झाल्यावर आईनं ट्रंक उघडली आणि घडी न मोडलेली एक हिरवी साडी काढली. ती तिनं कधी आणून ठेवली होती, हे मला माहीत नव्हतं. बाईनं ती दोन्ही हातांनी घेतली, आईच्या पाया पडायला वाकली, आणि आईनं तिला मधेच धरून उभं केलं.

"दिवाळीला येशील तव्हा दोन दिवस राह्य," आई म्हणाली. "निघायची घाई करत जाऊ नको."

वकीलसाहेब अधूनमधून कोर्टासमोर भेटतात, चष्म्याच्या दोरीशी खेळत घर कसं आहे ते विचारतात. मी चांगलं आहे म्हणते. त्यांच्या रिपोर्टमधली शेवटची ओळ चुकली आहे, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर ते फाईल पुन्हा ठेवून घेतील.